फ्लॅट आडवा असतो, बिल्डिंग उभी असते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुनी अपार्टमेंट बिल्डिंग विकत घेऊन, ती नवी करून भाड्याने देण्याबद्दल जो लेख आला तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा जरा चिडलो, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर सुरुवात कापा पण पाइपांचं राहू द्या.

लेखकाने सांगितलंय की नवीन गुंतवणूकदाराने जुनी बिल्डिंग घ्यावी कारण ती स्वस्तात मिळते, मग जसजसा एकेक फ्लॅट रिकामा होईल तसतसं त्याचं किचन-बाथरूम नवीन करावं, वाढीव भाड्याने द्यावा, आणि त्या वाढीव पैशातून पुढचा फ्लॅट करावा. वाचायला इतकं सोपं वाटतं की कुणालाही वाटेल आपण उगाच इतकी वर्षं एफडी करत बसलो. मलाही तसंच वाटलं होतं. साडेतीन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या मेहुण्याने मिळून एक बिल्डिंग घेतली, तळमजला धरून चार मजले, मजल्याला तीन फ्लॅट, एकूण बारा, वय पंचेचाळीसच्या आसपास. दोघांनाही बांधकामातलं काही कळत नव्हतं, मी ऑफिसात आकडे बघणारा माणूस आणि मेहुणा माझ्याहून जास्त उत्साही, म्हणजे एकूण तयारी काय होती ते तुम्ही समजून घ्या.

पहिल्या वर्षात तीन फ्लॅट रिकामे झाले. पहिल्या मजल्यावरचा डावीकडचा, दुसऱ्या मजल्यावरचा मधला, आणि तिसऱ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावरचा उजवीकडचा. आम्ही अगदी लेखात लिहिल्यासारखं केलं, जुन्या टाइल्स काढल्या, नवीन लावल्या, ओटे बदलले, बाथरूममध्ये काचेचं पार्टिशन टाकलं, जिन्यात रंग दिला, एन्ट्रन्सला छान लाइट लावले. भाडंही वाढलं, खोटं कशाला बोलू. सात-आठ महिने आम्ही दोघं स्वतःला फार हुशार समजत होतो.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या बाथरूमच्या भिंतीला ओल आली. प्लंबरने दोन टाइल्स फोडून आत बघितलं आणि मला बोलावून दाखवलं, आतला उभा ड्रेनेज पाइप जॉइंटला फुटलेला. मी म्हटलं एवढा तुकडा बदलून टाक. तो म्हणाला, साहेब, हा तुकडा तुमच्या फ्लॅटचा नाहीये, हा वरून खालपर्यंत एकच आहे, मी इथे कापला तर वरचा सगळा भार खालच्या कुजक्या तुकड्यावर आणि माझ्या हातात येईल. आणि मग त्याने जे वाक्य टाकलं ते मला पुरवणीतल्या अख्ख्या लेखात कुठे सापडलं नाही. म्हणाला, तुम्ही लोक फ्लॅट आडवा बघता, पाइप उभा असतो.

माझा मुद्दा एवढाच आहे. बंगला किंवा सुटं घर दुरुस्त करणं वेगळं आणि अपार्टमेंट बिल्डिंग दुरुस्त करणं वेगळं, आणि हा फरक साइजचा नाहीये. बिल्डिंगमध्ये ज्या ज्या गोष्टी म्हाताऱ्या होतात त्या जवळपास सगळ्या उभ्या धावतात, पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज, विजेची मेन केबल, डक्ट म्हणजे पाइप-केबल नेणारी उभी पोकळी, कॉलम म्हणजे खांब, आणि आग लागली तर आगसुद्धा. भाडेकरू मात्र आडवे राहतात, अॅग्रीमेंट फ्लॅटचं होतं, रिकामा फ्लॅट होतो, त्यामुळे नवीन माणूस साहजिकच फ्लॅटच्या हिशोबाने विचार करतो. आमचे तीन फ्लॅट तीन वेगवेगळ्या उभ्या ओळींत होते. म्हणजे तिन्ही ओळींचे पाइप बदलायचे तर तिन्ही नवी बाथरूम फोडायची. इतकं परफेक्ट चुकायला पण नशीब लागतं.

आता थोडं तपशिलात सांगतो, कारण लेखात “प्लंबिंग तपासून घ्यावे” एवढ्या तीन शब्दांत विषय संपवलाय.

जुन्या बिल्डिंगमध्ये पिण्या-वापरण्याच्या पाण्याला बहुतेक जीआय पाइप असतात, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. हा थर गंजापासून लोखंडाला वाचवतो तो स्वतः झिजून, आणि तो संपला की गंज आतून धरायला लागतो. साधारण चाळीस-पन्नास वर्षांत बाहेरून बरा दिसणारा पाइप आतून इतका भरतो की मधलं भोक पेन्सिल जाईल न जाईल एवढं राहतं. मग वरच्या मजल्याला प्रेशर येत नाही, लोक तक्रार करतात, आणि मालक काय करतो तर पंप लावतो. आमच्या आधीच्या मालकाने तेच केलेलं. त्याने वरच्यांना पाणी मिळालं खरं पण जे जॉइंट कमी प्रेशरवर कसेबसे तग धरून होते ते पाझरायला लागले. म्हणून जुन्या बिल्डिंगमध्ये नवा पंप दिसला तर खूश होऊ नका, तो का लावावा लागला ते विचारा.

आम्ही स्वतः एक वेगळाच पराक्रम केला. नव्या किचनमध्ये चांगलं काम हवं म्हणून कॉपरची लाइन टाकली आणि ती थेट जुन्या जीआयला जोडली. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि त्यातला जो लवकर गंजणारा, म्हणजे इथे जीआय, तो जॉइंटपाशी आणखी भरभर खाल्ला जातो. मध्ये दोन्ही धातूंना वेगळं ठेवणारा कपलिंगचा तुकडा टाकायचा असतो. छोटीशी वस्तू आहे ती. कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही, आणि वर्षभरात जॉइंट गेला.

ड्रेनेजच्या बाबतीत एक चांगली सोय आहे, पाइपात कॅमेरा सोडून आतून व्हिडिओ काढता येतो. आम्ही बिल्डिंग घेतल्यावर दोन वर्षांनी तो काढला, घेण्याआधी काढायला हवा होता. कॅमेऱ्यात दिसलं की आडव्या भागात एका ठिकाणी पाइपाला उतारच उरलेला नाही, पोट आलंय, तिथे घाण साठतेय. चार इंची पाइपाला साधारण चाळीस फुटांना एक फूट उतार लागतो, तो कमी पडला तर घाण बसते, आणि खालच्या फ्लॅटवाल्याला दर दोन महिन्यांनी चोकअपवाला बोलवावा लागतो. त्याला आपण म्हणतो तुम्ही काहीतरी टाकता म्हणून तुंबतं. मीही म्हटलेलं. नंतर जाऊन सॉरी म्हटलं.

इथे एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात, बिल्डिंगमधल्या सगळ्यात जुन्या भाडेकरू. मी गळतीचा शोध घेत इंजिनियर घेऊन फिरत होतो तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून जुनी कॅलेंडरं आणून दाखवली. छतातून पाणी टपकलं की त्या तारखेला गोल करायच्या, अकरा वर्षांचे गोल होते. त्या म्हणाल्या पावसात नाही गळत, सुट्टीच्या दिवशी सकाळी गळतं. इंजिनियरने कॅलेंडर बघितलं आणि दोन मिनिटांत सांगितलं की मग गच्चीचा प्रश्न नाही, वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं जाळीखालचं भांडं, आणि त्याच्या भोवतीचं वॉटरप्रूफिंग गेलंय, सुट्टीच्या सकाळी वरच्या घरातले सगळे एकापाठोपाठ आंघोळी करतात आणि तासभर फरशीवर पाणी राहतं तेव्हाच ते खाली उतरतं. आम्ही तोपर्यंत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे दोन कोटेशन घेऊन बसलो होतो! इंजिनियरचा रिपोर्ट घ्याच, पण आधी जुन्या भाडेकरूंकडे बसा आणि त्यांचं ऐका, त्यांना तुमच्यापेक्षा बिल्डिंग जास्त माहीत असते आणि आजवर कुणी विचारलेलं नसतं.

गच्चीचा विषय निघालाच आहे तर. आमच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे तीन थर निघाले, एकावर एक. दर मालकाने गळायला लागलं की आधीचं न काढता वरून नवा थर ओतला. एका ठिकाणी मोजलं तर सगळं मिळून वीस सेंटिमीटर. सिमेंटच्या थराचं वजन दर सेंटिमीटरला चौरस मीटरमागे वीसेक किलो धरा, म्हणजे चारशे किलो झालं. राहत्या खोलीत माणसं-सामान मिळून स्लॅबचं डिझाइन करताना चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरतात. म्हणजे आमच्या वरच्या स्लॅबवर कायमची गर्दी उभी होती, आणि तो भार कॉलममधून खालपर्यंत उतरत होता. आता चौथा थर टाकणारा कॉन्ट्रॅक्टर सगळ्यात स्वस्त होता हे वेगळं सांगायला नको. आम्ही जुनं सगळं काढायला लावलं, मलबा उतरवतानाच निम्मे पैसे गेले, मग उतार नीट करून नवीन काम केलं आणि पाणी भरून दोन दिवस तसंच ठेवून बघितलं. पाणी भरून ठेवण्याच्या टेस्टला कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करतो, त्याला करू द्या, शेवटचा हप्ता त्या टेस्टनंतरच द्यायचा.

पाणी साठून राहणं हा किरकोळ त्रास नसतो याचं सगळ्यात भयंकर उदाहरण फ्लोरिडातल्या सर्फसाइडचं आहे. शॅम्प्लेन टॉवर्स साउथ नावाची बारा मजली बिल्डिंग, १९८१ सालची, म्हणजे पडली तेव्हा आमच्या बिल्डिंगपेक्षा तरुणच. २०१८ मध्ये इंजिनियरने लेखी दिलं होतं की स्विमिंग पूलच्या बाजूच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग गेलंय, तो स्लॅब उतार न देता सपाट केलेला असल्यामुळे पाणी निघून जात नाही आणि खालचं काँक्रीट खराब होतंय. मोठ्या दुरुस्तीची तयारी चालू होती, खर्चावरून वाद झाले, वर्षं गेली, आणि २४ जून २०२१ च्या रात्री बिल्डिंगचा मोठा भाग कोसळून ९८ माणसं गेली. तिथल्या तपासात बांधकामातले, डिझाइनमधले आणखीही दोष पुढे आले, नुसत्या पाण्यामुळे पडली असं मी म्हणत नाही. पण रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून तीन वर्षं चर्चा करणं कसं असतं ते मला आमच्या बारा फ्लॅटच्या लेव्हलवर अगदी नीट कळतं, मी स्वतः एक रिपोर्ट पाच महिने उघडला नव्हता.

काँक्रीटचं साधं गणित मला इंजिनियरने समजावलं ते सांगतो. काँक्रीट नवीन असताना त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, बारा-तेराच्या आसपास असतो आणि त्या वातावरणात आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू आत शिरतो, पीएच नऊच्या खाली येतो आणि सळईचं संरक्षण जातं. मग ओल मिळाली की गंज. गंजलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा घेतं, म्हणून काँक्रीट आतून फुगून फुटतं आणि पोपडे पडतात. टेस्ट अगदी सोपी आहे, ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन मारायचं, शाळेच्या लॅबमध्ये असायचं तेच, गुलाबी झालं तर ठीक, रंग आला नाही तर तिथपर्यंत काँक्रीट गेलं. आमच्या एका बाल्कनीत सळईच्याही मागपर्यंत रंग आला नाही. आधी रंगकाम करणाऱ्याने तिथे नुसतं सिमेंट थापून वर पेंट मारलेला आणि आम्ही त्याचे फोटो जाहिरातीत टाकलेले. खरं काम म्हणजे सळईच्या मागपर्यंत फोडायचं, गंज पूर्ण साफ करायचा, सळई फारच बारीक झाली असेल तर जोड द्यायचा, कोटिंग करायचं आणि मग दुरुस्तीचं खास मॉर्टर भरायचं. त्यातही गंमत अशी की फक्त एक तुकडा चांगला केला तर गंज कधीकधी त्याच्या शेजारच्या भागात जोर धरतो, म्हणून पॅच कुठपर्यंत घ्यायचा ते मिस्त्रीने ठरवायचं नसतं. मालकाने तर नाहीच नाही.

विजेचंही तेच उभं प्रकरण. आम्ही तिन्ही नव्या फ्लॅटमध्ये आतलं वायरिंग नवीन केलं, एसीचे पॉइंट, गीझर, इंडक्शन, सगळं दिलं. तळमजल्यावरून वर जाणारी मेन केबल मात्र तीच राहिली, जी टाकली तेव्हा घरात चार दिवे, दोन पंखे आणि एक फ्रिज धरलेला. केबलमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. एका संध्याकाळी मीटर रूममध्ये जळका वास यायला लागला, वॉचमनने मेन बंद केला म्हणून निभावलं. एका फ्लॅटमध्ये तुम्ही किती चांगलं वायरिंग केलंय याने खालच्या केबलला काही फरक पडत नाही, उलट तुम्ही तिच्यावर ओझंच टाकता. अर्थिंग आणि ३० मिलीअॅम्पिअरला ट्रिप होणारी लीकेज प्रोटेक्शनची सोय सगळ्या फ्लॅटना आधी करायला हवी होती, काचेचं पार्टिशन नंतर. बाथरूममध्ये शॉक बसल्यावर पार्टिशन कितीही सुंदर असलं तरी...

आणि आग. आमच्या डक्टमध्ये प्रत्येक मजल्याला पाइप आणि केबल जायला स्लॅबला भोकं होती आणि ती तशीच उघडी होती, काही तर आमच्याच माणसांनी पाडलेली. खालच्या मजल्यावर धूर झाला तर तो चिमणीसारखा वर जाणार. ही भोकं आगीला टिकणाऱ्या मटेरियलने बुजवायची असतात, भाडेकरूला ती कधी दिसत नाहीत, भाडं एका पैशाने वाढत नाही, म्हणून लेखात त्यांचा उल्लेख नाही. लंडनचा ग्रेनफेल टॉवर आठवा. २४ मजले, १९७४ चा, आणि त्याचं रिनोव्हेशन २०१६ मध्येच पूर्ण झालेलं. बाहेरून जे नवीन क्लॅडिंग, म्हणजे भिंतींवरचं पत्र्यांचं आवरण, लावलं त्याच्या पत्र्यांमध्ये पॉलिइथिलीन हे पेट घेणारं प्लास्टिक होतं. १४ जून २०१७ ला चौथ्या मजल्यावरच्या किचनमध्ये लागलेली आग त्या क्लॅडिंगला भिडली आणि अर्ध्या तासाच्या आत वरच्या टोकाला पोचली, ७२ जण गेले. म्हणजे दुरुस्ती न केल्याने नाही, दुरुस्तीच केल्याने बिल्डिंग आधीपेक्षा धोकादायक झाली. तेव्हापासून मला कुणी “बाहेरून मस्त पॅनल लावू, लुकच बदलेल” म्हटलं की मी आधी ते पॅनल आतून कशाचं आहे आणि त्याची फायर टेस्ट झालीय का ते कागदावर मागतो.

अॅस्बेस्टॉस आणि शिशाच्या रंगाबद्दल दोन ओळी तरी लेखात यायला हव्या होत्या. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात, पाइपांच्या आवरणात, काही जुन्या फरशांमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते न फोडता जागेवर असेल तर बहुतेक वेळा त्रास देत नाही, पण कोरडं फोडलं, कापलं की त्याचे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसाचे आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी दिसतात. जुना रंग कोरडा घासला तर त्यातल्या शिशाची धूळ लहान मुलांना सगळ्यात वाईट. आमच्याकडे मजुरांनी नाकाला रुमाल बांधून घासकाम केलं, रुमालाने काही होत नाही, आणि बाजूच्या फ्लॅटमध्ये दोन लहान मुलं होती. याबद्दल मला अजून वाईट वाटतं. तोडफोडीआधी सॅम्पल लॅबला पाठवायचं, असेल तर ते काम करणारी ट्रेन्ड माणसं बोलवायची.

पैशाबद्दल बोलायला हवं कारण लेखाचा सगळा जोर तिथेच आहे. त्यात म्हटलंय की वर्षाचं निव्वळ उत्पन्न १०० ने वाढलं आणि कॅप रेट, म्हणजे किमतीच्या मानाने वर्षाच्या निव्वळ उत्पन्नाचं प्रमाण, ८ टक्के धरला तर बिल्डिंगची किंमत १२५० ने वाढते. भागाकार बरोबर आहे. पण निव्वळ उत्पन्न काढताना भाड्यातून मेंटेनन्स, टॅक्स, इन्शुरन्स, रिकामे महिने हे सगळं वजा होतं आणि पाइप बदलणं, गच्ची, केबल, लिफ्ट हे मोठे खर्च वजा होत नाहीत, ते भांडवली खर्च म्हणून वेगळे धरतात. म्हणजे ज्या बिल्डिंगचे सगळे पाइप कुजलेत आणि जिचे सगळे नवीन आहेत त्या दोघींचं निव्वळ उत्पन्न कागदावर सेम येऊ शकतं! विकणारा तुम्हाला हाच आकडा दाखवतो, आणि जे दाखवतो ते खोटंही नसतं. मी आकड्यांत काम करणारा माणूस असून मला हे घेताना सुचलं नाही, मेहुणा अजून टोमणे मारतो. आता मी प्रत्येक उभ्या गोष्टीसमोर लिहितो की ही किती वर्षांची, अजून किती टिकेल, बदलायला किती, आणि तेवढे पैसे दरवर्षी बाजूला टाकले तर काय उरतं. पहिल्यांदा हा तक्ता केला तेव्हा आमची वाढीव भाड्याची कमाई जवळपास सगळी त्यात गेली. अनपेक्षित खर्चाला आम्ही दहा टक्के ठेवलेले, माझ्या मते जुन्या बिल्डिंगला पंचवीसच्या खाली विचारच करू नये, भिंत उघडेपर्यंत आत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं.

मग करायचं कसं? आम्ही शेवटी ओळीने करायला लागलो. डावी ओळ, म्हणजे एकावर एक असलेले चार फ्लॅट, त्यांची पाण्याची लाइन, ड्रेनेज, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, डक्टमधली भोकं, सगळं एका झटक्यात. यात खरी अडचण पाइपांची नसतेच, माणसांची असते. चार घरांचं पाणी आणि संडास एकाच वेळी बंद होणार, त्यातल्या तीन घरांत लोक राहतायत. बरेच मालक इथे सरळ सांगतात की रिकामं करा, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा दुरुस्ती हे निमित्त असतं, जुन्या भाडेकरूला काढून नवीन भाडं लावायचं. मला ते पटत नाही, आणि गरजही नसते. फ्रान्समध्ये बोर्दो शहरात ग्राँ पार्क नावाची वसाहत आहे, साठच्या दशकातले तीन मोठे ब्लॉक, ५३० घरं. लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांनी आणखी दोन सहकाऱ्यांबरोबर ती न पाडता, लोकांना बाहेर न काढता, बाहेरून नवीन बाल्कन्या आणि खोल्या जोडून बदलली, २०१९ मध्ये तिला युरोपातलं मोठं पारितोषिक मिळालं आणि २०२१ मध्ये त्या दोघांना प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतला सगळ्यात मानाचा पुरस्कार. ५३० घरांत लोक राहत असताना जमतं तर आमच्या चार घरांत जमायला हवं, असं मी मेहुण्याला म्हटलं. तो म्हणाला त्यांच्याकडे आपला कॉन्ट्रॅक्टर नव्हता.

तरी जमवलं. मधल्या ओळीतला एक फ्लॅट रिकामा होता तो दोन महिने भाड्याने दिलाच नाही, त्याचं बाथरूम चालू ठेवून डाव्या ओळीतल्या तीन घरांना चाव्या दिल्या. जुना पाइप तोडायच्या आधी नवीन लाइन डक्टमध्ये शेजारून वरपर्यंत टाकून घेतली, त्यामुळे पाणी पूर्ण बंद फक्त चार दिवस राहिलं. किती वाजता बंद, किती वाजता चालू, हे रोज जिन्यात लिहून लावायचो, आणि उशीर होणार असेल तर आधी सांगायचो. त्या दोन महिन्यांचं डाव्या ओळीचं अर्धं भाडं घेतलं. मेहुण्याच्या मते ही उधळपट्टी, माझ्या मते एकही घर रिकामं झालं नाही तिथेच ती वसूल झाली. ओळ संपल्यावर दर मजल्याला पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह बसवला, आता एका घरात नळ दुरुस्त करायला चार घरांचं पाणी जात नाही. आणि डक्टला प्रत्येक मजल्यावर उघडता येणारं दार केलं, पुढच्या वेळी टाइल्स फोडायला नकोत म्हणून. हे आधीच्या माणसाने केलं असतं तर माझं निम्मं पत्र वाचलं असतं.

ज्यांना अजून घ्यायचीय त्यांना एक सांगतो. बिल्डिंग बघायला जाल तेव्हा विकणारा तुम्हाला सगळ्यात चांगला फ्लॅट दाखवेल. तुम्ही म्हणा मला याच्या वरचा आणि याच्या खालचाही बघायचाय, एकाच ओळीतले सगळे. वरच्या घरात दोन नळ चालू करून फ्लश करा आणि त्याच वेळी खालच्या घरात उभं राहून आवाज ऐका, नहाणीतून बुडबुडे येतात का बघा, ट्रॅपमधून वास येतो का बघा. बाथरूमच्या मागच्या भिंतीला, म्हणजे बहुतेक बेडरूमच्या कपाटामागे, हात लावून बघा. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी गच्चीवर जा. नवीन रंग एकाच भिंतीला असेल तर त्या भिंतीबद्दल विचारा. आणि इंजिनियर आपला न्या, विकणाऱ्याने किंवा एजंटने सुचवलेला नको. भिंत काढून हॉल मोठा करू वगैरे स्वप्नं असतील तर तेही त्याच इंजिनियरला विचारून, परवानगी घेऊन, कारण जुन्या बिल्डिंगमध्ये जी भिंत तुम्हाला मधली वाटते तिच्यावर कधीकधी वरचे तीन मजले बसलेले असतात.

संपादक साहेब, पुरवणीत गुंतवणूक सल्लागारांचे लेख येतात ते येऊ द्या, पण एखाद्या रविवारी जुन्या बिल्डिंगांमध्ये तीस वर्षं काम केलेल्या प्लंबरला किंवा स्ट्रक्चरल इंजिनियरला अर्धं पान द्या ना. आणि लेखकांना माझा एक प्रश्न कळवा, तुमच्या उदाहरणातल्या बिल्डिंगमध्ये पाच फ्लॅट नवीन केल्यावर सहाव्याच्या भिंतीत उभा पाइप फुटलेला निघाला तर तो खर्च तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात जातो?

आमच्या डाव्या आणि मधल्या ओळी झाल्या, उजवी पुढच्या महिन्यात सुरू होतेय. तिच्यात सगळ्यात वरचा तो आमचा पहिल्या वर्षी चकाचक केलेला फ्लॅट आहे, तिथल्या भाडेकरूंना मी काल सांगून आलो की बाथरूम फोडावं लागेल. ते म्हणाले, पण हे तर नवीनच आहे ना? त्या टाइल्स आता बाजारात मिळत नाहीत, आमच्याकडे एक बॉक्स शिल्लक आहे, त्यातल्या चार फुटलेल्या निघाल्या.

आपला,
एक वाचक, बारा फ्लॅटचा अर्धा मालक